कोंबड्यांच्या खुराड्यांतील दुर्गंधी : तिचीं कारणें व निवारण

शेतकऱ्याच्या परसांत दहा-वीस कोंबड्या असणें ही आपल्याकडील जुनी चाल आहे. घरांतील मुलांना अंडें मिळतें, पाहुणा आला असतां सोय होते, आणि बाजाराच्या दिवशीं घरांतील स्त्रीच्या हातीं चार पैसे येतात. असा हा उपयुक्त जोडधंदा पुष्कळ घरीं मध्येंच बंद पडतो. परंतु त्याचें कारण दर वेळीं तोटा हेंच असतें असें नाहीं. पुष्कळदां कारण असतें तें दुर्गंधी. आषाढाच्या झडी सुरू झाल्या कीं खुराड्याजवळ उभें राहवत नाहीं, माशा स्वयंपाकघरापर्यंत येऊं लागतात, शेजारी कुरकुर करतात, घरांतील वडील मंडळी ‘ही घाण आधीं दारांतून काढा’ म्हणून बसतात. आणि मग ऐन श्रावणांत, भाव उतरलेला असतांना, अंड्यावर आलेल्या कोंबड्या व्यापारी सांगेल त्या किंमतीस विकल्या जातात.

कोंबडी म्हटली कीं वास हा आलाच, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाहीं. निरोगी कोंबडीच्या अंगाला वास जवळजवळ नसतोच. आणि तिची विष्ठा लवकर वाळली तर तिलाही फारसा वास येत नाहीं. दुर्गंधी ही कोंबडीची नसून ओलीची आहे. हें एक तत्त्व नीट ध्यानांत धरलें म्हणजे पुढील सर्व उपाय आपोआप सुचतात, व कांहीं रूढ उपाय उलट अपाय कां करतात हेंही समजतें. प्रस्तुत लेखांत आम्ही या विषयाचा क्रमानें विचार करणार आहों.

१. दुर्गंधी कशी उत्पन्न होते

गाई-म्हशींप्रमाणें कोंबडीचें मूत्र निराळें पडत नाहीं. तिचा मल व मूत्र एकाच मार्गानें, एकत्रच बाहेर येतात. विष्ठेवर चुन्यासारखा जो पांढरा थर दिसतो तोच तिच्या मूत्राचा भाग होय. त्यांत मुख्यतः यूरिक आम्ल नांवाचा पदार्थ असतो व त्यांत पुष्कळ नत्र असतें. ताज्या विष्ठेंत सुमारें ७५ टक्के पाणी असतें. हें पाणी लवकर उडून गेलें तर यूरिक आम्ल जसेंच्या तसें राहतें. तें उडालें नाहीं, तर विष्ठेंतील सूक्ष्म जंतु यूरिक आम्लापासून युरिया व युरियापासून अमोनिया वायु तयार करतात. डोळ्यांना झोंबणारा जो तिखट वास खुराडें उघडतांच येतो, तो हाच अमोनिया.

या क्रियेला चार गोष्टींचें साहाय्य होतें : ओल, ऊब, कोंडलेली हवा आणि क्षारपणा. चौथी गोष्ट पुष्कळांना अपरिचित असते, म्हणून तिच्याविषयीं थोडें स्पष्ट सांगतों. अंथरलेला भुसा किंचित् आंबट गुणाचा असेल तर अमोनिया त्यांत बांधला जातो व तेथेंच राहतो. तोच भुसा क्षारधर्मी झाला, म्हणजे त्यांत चुन्याचा किंवा राखेचा गुण उतरला, कीं बांधलेला अमोनिया सुटून हवेंत जातो. ही गोष्ट पुढें फार उपयोगी पडणार आहे.

अमोनियाखेरीज आणखी दोन प्रकारचे वास खुराड्यांत येतात. विष्ठेचा चिखल होऊन त्यांत हवा शिरेनाशी झाली कीं दुसऱ्या जातीचे जंतु वाढतात, व सडक्या अंड्यासारखा गंधकाचा वास सुटतो. सांडलेलें खाद्य भिजून आंबलें तर आंबूस वास येतो. वास तिखट आहे, सडका आहे कीं आंबूस आहे, एवढें नाकानें ठरविलें तरी अर्धें निदान झालें असें समजावें.

२. या दुर्गंधीनें नुकसान काय होतें

वास हा केवळ नाकाला त्रास आहे, कोंबडीला त्याचें कांहीं नाहीं, असें समजूं नये. कोंबडीच्या श्वासनलिकेच्या आंतल्या बाजूस अतिसूक्ष्म केसांसारखें आवरण असतें. धूळ व जंतु बाहेर लोटण्याचें काम तें करतें. अमोनियानें हें आवरण निकामी होतें, व मग रानीखेतसारख्या रोगांना वाट मोकळी मिळते. हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे २५ भागांहून अधिक प्रमाण होऊं देऊं नये, असा कुक्कुटपालनांतील सर्वसाधारण नियम आहे. प्रमाण याच्या दुपटी-तिपटीवर जाऊन तसेंच राहिलें तर कोंबड्यांचे डोळे लाल होतात, त्यांतून पाणी येतें, त्या डोळे मिटून कोपऱ्यांत बसतात, त्यांचें खाणें कमी होतें व अंडीं घटतात.

येथें एक अडचण आहे. माणसाचें नाक या वासाला लवकर सरावतें. जो रोज खुराड्यांत जातो त्याला वास कमी येऊं लागतो, व तो मनापासून म्हणतो, ‘आमच्याकडे वास नाहीं.’ शेजाऱ्याची तक्रार म्हणूनच हेव्याची आहे असें एकदम मानूं नये. त्याचें नाक आपल्याहून अधिक खरें बोलत असण्याचा संभव आहे.

दुसरें नुकसान शेताचें आहे, व तें शेतकऱ्यानें विशेष विचारांत घ्यावें. अमोनिया म्हणजे नत्र. आणि नत्र म्हणजे तीच वस्तु जी आपण युरियाच्या गोणींतून पैसे देऊन आणतों. मोठी कोंबडी दिवसाला सुमारें १०० ग्रॅम ताजी विष्ठा टाकते. वीस कोंबड्यांची रोजची २ किलो, म्हणजे वर्षाची सुमारें ७३० किलो झाली. ताज्या विष्ठेंत नत्र एक ते दीड टक्का धरलें तर हें नत्र ७ ते ११ किलो भरतें. युरियाच्या ४५ किलोंच्या गोणींत नत्र २०॥ किलोंच्या आसपास असतें. अर्थात् सगळी विष्ठा हातीं लागली तर वीस कोंबड्या वर्षाला युरियाच्या गोणीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत नत्र आपल्या दारांत टाकतात. विष्ठा ओली ठेवून उघड्यावर कुजत पडूं दिली तर त्यांतील निम्म्याच्या आसपास नत्र वाऱ्यावर जातें. खुराड्याला येणारा वास म्हणजे आपलेंच खत उडून जात असल्याची वर्दी होय.

३. खुराड्याची परीक्षा

उपाय करण्यापूर्वीं वास कोठून येतो हें शोधावें. त्यासाठीं तीन परीक्षा पुरेशा आहेत.

पहिली परीक्षा नाकाची. ती भल्या पहाटे, खुराड्याचें दार उघडतांच करावी. कारण रात्रभर कोंडलेली हवा त्या वेळीं आंत असते. उभ्यानें वास घेऊं नये. उकिडवें बसून, कोंबडीचें डोकें जेवढ्या उंचीवर असतें तेवढ्या उंचीवर नाक न्यावें. आपल्याला उभ्यानें न जाणवणारा वास तिला रात्रभर तेथें घ्यावा लागतो.

दुसरी परीक्षा मुठीची. खालच्या भुशाची मूठ भरून घट्ट दाबावी व सोडावी. गोळा होऊन तसाच राहिला तर भुसा फार ओला आहे. मुळींच न बांधतां धुरळा उडाला तर तो फार कोरडा आहे. त्या धुळीचाही कोंबड्यांना त्रास होतो. किंचित् बांधून लगेच मोकळा झाला तर ओल योग्य, म्हणजे शेंकडा २० ते २५ च्या सुमारास आहे. ही परीक्षा एकाच जागीं न करतां पाण्याच्या भांड्याजवळ, बसण्याच्या दांडीखालीं, दाराशीं व मध्यभागीं अशी चार ठिकाणीं करावी, व नंतर हात साबणानें धुवावेत.

तिसरी परीक्षा शोधाची. वळचण कोठें गळते, भिंतीला कोठें ओल येते, अंडीं घालण्याच्या टोपलींत एखादें फुटलेलें अंडें दडलें आहे काय, भुशाखालीं मेलेला उंदीर किंवा पिलूं आहे काय, हें पाहावें. सगळें खुराडें धुऊन काढल्यानंतर वासाचें मूळ एका सडक्या अंड्यांत सांपडलें, असेंही घडतें.

४. रूढ उपाय व त्यांतील चूक

वास आला कीं आपल्याकडे चटकन् चुलींतील राख किंवा चुना टाकतात. राखेनें वरून कोरडें दिसतें, म्हणून उपाय लागू पडला असें वाटतें. परंतु राख व चुना हे दोन्ही क्षारधर्मी आहेत. आणि ओल्या विष्ठेवर क्षार पडला कीं त्यांतील अमोनिया सुटतो, हें वर सांगितलेंच आहे. ज्यांस हें पटत नसेल त्यांनीं एक सोपा प्रयोग करून पाहावा. दोन फुटक्या परळांत दोन-तीन दिवसांची ओली विष्ठा थोडी थोडी घ्यावी. एकींत चमचाभर चुना मिसळावा, दुसरींत चमचाभर सुपरफॉस्फेट मिसळावें. दोन्ही परळ उघड्यावर ठेवून थोड्या वेळानें दुरूनच वास घ्यावा. चुन्याच्या परळांतून नाकांत झिणझिण्या आणणारा वास येईल. सुपरफॉस्फेटच्या परळाचा तिखटपणा कमी झालेला आढळेल, कारण सुपरफॉस्फेट आंबट गुणाचें असून अमोनियाला धरून ठेवतें.

याचा अर्थ चुना व राख कुचकामाचीं आहेत असा नव्हे. खुराडें रिकामें करून, खरवडून, वाळविल्यानंतर भिंतींना व जमिनीला चुन्याची सफेदी देणें उत्तम. तसेंच कोरडी माती व थोडी थंड राख यांचा खड्डा कोंबड्यांना धुळींत लोळण्यासाठीं करून दिला तर उवा-पिसवा कमी होतात. फक्त ओल्या विष्ठेवर हीं दोन्ही टाकूं नयेत.

दुसरा रूढ उपाय फिनेलचा. त्यानें दुर्गंधीवर दुसरा उग्र गंध चढतो इतकेंच. शिवाय फिनेल पाण्यांतून टाकल्यामुळें ओल वाढते. ब्लीचिंग पावडर तर ओल्या, अमोनियायुक्त विष्ठेवर कधींही टाकूं नये. दोहोंच्या संयोगानें छातीला अपायकारक असा विषारी वायु निघतो. धूप, लोबान किंवा कापूर बंद खुराड्यांत जाळल्यानें वास झांकला जातो, पण आधींच त्रासलेल्या श्वासनलिकेवर धुराचा भार पडतो.

तिसरी चूक म्हणजे रोज पाणी ओतून खुराडें धुणें. ज्या फरशीला चांगला उतार आहे व जी दुपारपर्यंत उन्हानें खणखणीत वाळते, तिच्यापुरतें हें ठीक. मातीच्या किंवा शेणानें सारवलेल्या जमिनीवर पाणी ओतणें म्हणजे रोगाला औषध म्हणून रोगच देणें आहे. झाडणें, खरवडणें व वाळविणें हीच खुराड्याची खरी स्वच्छता होय.

५. खरे उपाय

(अ) पाण्याचें भांडें. खुराड्यांतील ओलीचा मोठा भाग विष्ठेंतून नव्हे तर पाण्याच्या भांड्यांतून येतो. उथळ परातींत पाणी ठेवलें तर कोंबड्या तींत पाय घालतात, भुसा उडवितात व पाणी सांडतात. भांड्याचा कांठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला येईल असें तें विटांवर ठेवावें. भरलेला डबा उथळ ताटलीवर पालथा घालून, डब्याच्या कांठाजवळ लहान छिद्र पाडून केलेलें भांडें घरींच तयार होतें. त्यांतून लागेल तेवढेंच पाणी ताटलींत उतरतें. भांड्याखालीं भुसा न घालतां जाळीची चौकट ठेवावी, म्हणजे सांडलेलें पाणी गादींत मुरणार नाहीं. शक्य असेल तेथें दिवसा पाणी खुराड्याबाहेर, सावलींत ठेवावें हें सर्वांत चांगलें.

(आ) भुशाची गादी. ज्या कोंबड्या दिवसाचा बराच वेळ आंत राहतात त्यांच्यासाठीं जमिनीवर भाताचें तूस, भुईमुगाचीं टरफलें, लांकडाचा भुसा किंवा बारीक तोडलेलें काड यांची चार ते सहा इंच जाडीची गादी करावी. ज्या भागांत जें स्वस्त मिळेल तें घ्यावें. कोंकणांत तूस, देशावर भुईमुगाचीं टरफलें, उसाच्या भागांत वाळलेलें चिपाड. बुरशी आलेलें कांहींही वापरूं नये. पातळ थर घालून तो लवकर लवकर बदलण्यापेक्षां जाड थर घालून तो हालता ठेवणें अधिक फायद्याचें आहे. दोन-तीन दिवसांनीं दंताळ्यानें गादी खालवर करावी. मूठभर धान्य गादीवर फेंकलें तर हें काम कोंबड्या स्वतःच पुष्कळसें करतात. जेथें पोपडा धरला असेल तो त्याच दिवशीं उचलून खताच्या ढिगावर टाकावा व तेथें नवा कोरडा भुसा भरावा.

दाटी हें दुर्गंधीचें मोठें कारण आहे. गादीवर दर मोठ्या कोंबडीस निदान अडीच चौरस फूट जागा हवी. म्हणजे ५ फूट लांब व ५ फूट रुंद खुराड्यांत दहा कोंबड्या. पावसामुळें त्या दिवसचे दिवस बाहेर पडणार नसतील तर चार चौरस फूट दिल्यास गादी कोरडी राहणें पुष्कळ सोपें जातें. वीस कोंबड्यांच्या विष्ठेंतील पाणी दहांच्या जागेंत वाळणार नाहीं, मग उपाय कोणतेही करा.

(इ) रात्रीची विष्ठा. कोंबड्या रात्रभर एकाच जागीं बसतात, त्यामुळें विष्ठेचा बराच मोठा भाग बसण्याच्या दांडीखालीं सांपडतो. हा भाग रोज सकाळीं उचलला तर निम्मी दुर्गंधी घरापासून गेली असें समजावें. दांडीखालीं फळी किंवा जुना पत्रा ठेवून त्यावर कोरडी चाळलेली माती पसरावी. सकाळीं माती व विष्ठा एकत्र खरवडून घमेल्यांत भरावी. ज्यांच्या कोंबड्या रात्रीं डाल्याखालीं झांकल्या जातात त्यांनींही डाल्याखालीं अशीच माती पसरून रोज झाडावी, व डाल्याची जागा अधूनमधून बदलावी. जांभ्या जमिनीची तांबडी माती स्वभावतः आंबट असल्यामुळें या कामाला विशेष चांगली. काळी माती बहुधा क्षारधर्मी असून ओली होतांच चिकटते, म्हणून ती पूर्ण वाळवून व वरचेवर बदलून वापरावी. ही माती उन्हाळ्यांतच चाळून दोन-तीन गोण्या भरून ठेवणें दूरदर्शीपणाचें आहे.

(ई) हवा. थंडी बाधेल या भीतीनें पुष्कळजण रात्रीं खुराड्याला चोहोंकडून गोणपाट लावतात. कोंबडीला तिच्या पिसांचें पांघरूण पुरेसें असतें. तिला बाधतो तो अंगावर येणारा थेट झोत व ओली कोंडलेली हवा. म्हणून भिंतीचा खालचा भाग बंद व वरचा भाग जाळीचा असावा, आणि छपराच्या कण्याखालीं उबदार ओली हवा निघून जाण्यास फट असावी. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली तर दुपारचें कडक ऊन आंत येत नाहीं व लांब बाजूंनीं वारा खेळतो. जमीन आजूबाजूपेक्षां निदान एक फूट उंच असावी, आणि वळचण तीन फूट बाहेर यावी.

(उ) खाद्य. विष्ठेंतील नत्र हें खाद्यांतील प्रथिनांतून येतें. अंड्यावरील कोंबडीस खाद्यांत १६ ते १८ टक्के प्रथिनें पुरतात. अंडीं वाढावींत म्हणून पेंड व सुकट यांचा मारा केला तर जास्तीचें नत्र विष्ठेंतून बाहेर पडतें व वास वाढतो. खारवलेल्या मासळींत मीठही असतें. मीठ अधिक झालें कीं कोंबडी पाणी अधिक पिते व पातळ हगते. पालेभाजी थोडी थोडी रोज द्यावी, एकदम टोपलीभर नको. स्वयंपाकघरांतील उरलेलें अन्न दुपारीं द्यावें, व अर्ध्या घटकेनंतर जें राहील तें उचलून टाकावें. बुरसलेलें धान्य कोंबड्यांना चालतें ही समजूत घातक आहे.

(ऊ) सुपरफॉस्फेट. वरील पांच उपाय केल्यानंतरही गादीला वास येत असेल तर तीवर सिंगल सुपरफॉस्फेटची भुकटी हलकेंच भुरभुरून दंताळ्यानें भुशांत पूर्ण मिसळावी. दाणे वर राहूं देऊं नयेत. कोंबड्या ते टिपतात. यानें अमोनिया बांधला जातो व तयार होणाऱ्या खतांत स्फुरदाचीही भर पडते. परंतु हा शेवटचा उपाय आहे. गादी ओली ठेवून वर खत भुरभुरणें व्यर्थ होय. युरिया किंवा दुसरें कोणतेंही खत चुकूनही वापरूं नये.

६. पावसाळ्याची तयारी

वर सांगितलेले उपाय उन्हाळ्यांत सहज साधतात. खरी कसोटी पावसाळ्यांत लागते. म्हणून तयारी मृगापूर्वीं झाली पाहिजे. जुनी गादी वैशाखांत पूर्ण काढून खुराडें आठ दिवस ऊन खाऊं द्यावें, भिंतींना सफेदी द्यावी, व नवी गादी नेहमींपेक्षां दोन इंच जाड घालावी. पाऊस बहुधा नैर्ऋत्येकडून येतो. त्या बाजूस तट्टे किंवा झांपें लावावीं व विरुद्ध बाजू मोकळी ठेवावी. चारी बाजू बंद करूं नयेत. खुराड्याभोंवतीं वीतभर खोल चर खणून पाण्याला वाट द्यावी. दारासमोर मुरूम किंवा विटांचे तुकडे टाकावे, म्हणजे कोंबड्यांच्या पायांबरोबर चिखल आंत येणार नाहीं. दोन-चार गोण्या कोरडें तूस व चाळलेली माती माळ्यावर राखून ठेवावी. भर झडींत कोरडा भुसा मिळत नाहीं, आणि तेव्हांच तो हवा असतो.

माशांचाही विचार येथेंच करूं. उबदार दिवसांत माशीचें अंड्यापासून पूर्ण वाढ होईपर्यंतचें चक्र सात ते दहा दिवसांत पुरें होतें. ओली विष्ठा आठवड्यांतून दोनदां तरी हलली किंवा उचलली गेली तर अळ्यांना वाढण्यास अवकाश मिळत नाहीं.

७. वास कोंबडीच्याच अंगाला येत असल्यास

खुराडें कोरडें असूनही एखाद्या कोंबडीला वास येत असेल तर तिला हातीं घेऊन तपासावें. येथें आधीं एक खुलासा केला पाहिजे. कोंबडी दर आठ-दहा वेळांतून एकदा तपकिरी, चिकट व उग्र वासाची विष्ठा टाकते. ती तिच्या आंतड्यांच्या आंधळ्या पिशव्यांतून येते, व ती नैसर्गिक आहे. तिला रोग समजून औषधें देऊं नयेत.

खरी चिन्हें निराळीं आहेत. मलद्वाराभोंवतीं पिसें चिकटून पांढरट, घाण वासाचा स्राव येणें. गळ्याजवळील अन्नाची पिशवी सकाळीं उपाशीपोटींही फुगलेली राहून तोंडाला आंबूस वास येणें. तोंड सुजून नाकांतून दुर्गंधियुक्त शेंबूड वाहणें. विष्ठेंत रक्त दिसणें. जखमेंत किडे पडणें. अशी कोंबडी ताबडतोब वेगळी करावी व पशुवैद्यास दाखवावी. एकाच वेळीं अनेक कोंबड्या मरूं लागल्या तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवूं नये. सन २००६ च्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें बर्ड फ्लू आढळला, तो भारतांतील पहिला उद्रेक होता. त्या रोगाची शंका येतांच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळविणें हें प्रत्येक पाळणाऱ्याचें कर्तव्य आहे. मेलेला पक्षी उकिरड्यावर किंवा ओढ्यांत टाकूं नये.

केवळ पिसें माखलीं असतील तर कोमट पाण्यानें तेवढाच भाग धुवावा. हें काम भर दुपारीं, उन्हांत करावें व पिसें मुळापर्यंत सुकल्यावांचून कोंबडीस खुराड्यांत सोडूं नये. वरचेवर आंघोळ घालण्याची आवश्यकता नाहीं. शेपटीच्या मुळाशीं असलेल्या ग्रंथींतील तेल चोंचीनें पिसांना लावून व धुळींत लोळून ती स्वतःस स्वच्छ ठेवते. तिला कोरडी धूळ मिळते कीं नाहीं एवढेंच आपण पाहावें.

८. उचललेल्या विष्ठेची व्यवस्था

खुराडें स्वच्छ ठेवून विष्ठेचा ढीग त्याच्या मागेंच उघडा टाकला तर दुर्गंधीनें फक्त जागा बदलली. कोंबडखत हें नत्रानें फार भरलेलें व काडीकचऱ्यानें कमी असें खत आहे. एकटेंच कुजविलें तर जंतूंना न लागणारें नत्र अमोनियारूपानें उडतें. म्हणून त्यांत पाचट, पालापाचोळा, तूस असा कोरडा कचरा मिसळणें अवश्य आहे. आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं इंदूर येथील प्रयोगांवरून १९३१ सालीं प्रसिद्ध केलेल्या पद्धतीचें मर्मही हेंच होतें : नत्रयुक्त पदार्थ व काडीकचरा यांचें योग्य मिश्रण, बेताची ओल, आणि हवा.

रीत अशी : विहिरीपासून व घरापासून दूर, उंच व सावलीच्या जागीं एक घमेलें कोंबडखत व दोन-तीन घमेलीं कोरडा कचरा अशा थरांनीं तीन-चार फूट उंचीचा ढीग रचावा. ओल पिळलेल्या फडक्याइतकी असावी. दर थरावर थोडी माती टाकावी व शेवटीं दोन इंच मातीनें ढीग झांकावा. पावसांत वर छप्पर किंवा कागद घालावा. दोन-तीन दिवसांत ढीग हाताला सोसवणार नाहीं इतका तापतो. पंधरा-पंधरा दिवसांनीं तीन वेळां खालवर केल्यास दोन-तीन महिन्यांत मातीसारख्या वासाचें खत मिळतें. ताजें कोंबडखत रोपांच्या बुंध्याशीं घालूं नये, मुळें जळतात. आणि कच्च्या खाण्याच्या भाज्यांना तर कधींच घालूं नये, कारण त्यांतून रोगजंतु पोटांत जाण्याचा संभव असतो.

९. उपसंहार

एवढें सगळें वाचून हा मोठा व्याप आहे असें एखाद्यास वाटेल. वस्तुतः दहा-वीस कोंबड्यांसाठीं लागणारा वेळ फार थोडा आहे. रोज सकाळीं दांडीखालील फळी खरवडणें व पाण्याच्या भांड्याभोंवतीं हात फिरवून पाहणें, यांस घटकाभरही लागत नाहीं. आठवड्यांतून दोनदां गादी खालवर करावी. महिन्यांतून एकदा अंड्यांच्या टोपल्या उन्हांत टाकाव्या. वर्षांतून एकदा, मृगापूर्वीं, सगळी गादी काढून खुराडें वाळवावें. साहित्यांत दंताळें, घमेलें व एक खुरपें. तीं प्रत्येक शेतकऱ्याच्या घरीं असतातच.

ही व्यवस्था बहुतेक घरीं स्त्रियांच्या व मुलांच्या हातीं असते. कर्त्या पुरुषानें या लेखांतील गोष्टी त्यांस नुसत्या वाचून दाखवूं नयेत. वळचण पुढें काढणें, जमीन उंच करणें, तूस भरून ठेवणें हीं जड कामें मृगापूर्वीं स्वतः करून द्यावींत. तेवढें झालें तर श्रावणांत अंड्यावरील कोंबड्या पडत्या भावानें विकण्याची पाळी येणार नाहीं, शेजाऱ्याशीं वांकडें येणार नाहीं, आणि आज वाऱ्यावर जाणारें नत्र उद्यां आपल्याच शेतांत पडेल.